अकरा विसावे

"कुनी मोजलं ह्ये?"

वर्गाच्या दारात उभी राहून ठकूबाई कोकरेने विचारलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात घामाने मऊ पडलेला कागद. सातवीचा तास चालू होता, मी फळ्यावर डोंगर काढत होतो, आणि चालू तासात कुणी असं घुसलेलं मला खपत नसे. पण तिचा चेहरा बघून मी खडू खाली ठेवला.

ठकूबाई टेकवाडीची. टेकवाडी म्हणजे आमच्या पाचडोहच्या डोक्यावर, सड्यावर, म्हणजे कड्यावरच्या सपाटीवर वसलेली गवळी धनगरांची नऊ घरं. माझ्या वर्गाच्या खिडकीतून मान वर केली की कड्याच्या टोकाशी त्यांच्या चुलींचा धूर दिसायचा. त्या नऊ घरांसाठी वर चौथीपर्यंतची शाळा होती. एक खोली, एक शिक्षिका, सात मुलं. त्या सातांतली एक ठकूबाईची नात सुंदरा, तिसरीतली. पोरीची आई बाळंतपणात गेलेली आणि बाप म्हशींमागे रानात, त्यामुळे तिला वाढवली ती आजीनेच.

मी कागद वाचला. टेकवाडीची शाळा पटसंख्येअभावी बंद करण्यात येत आहे. एक किलोमीटरच्या आत पाचडोहची शाळा उपलब्ध आहे. अंतर नऊशे मीटर. विद्यार्थ्यांनी सोमवारपासून तिथे हजर व्हावं.

"नऊशे मीटर म्हंजी किती, गुर्जी?"

"म्हणजे... इथून मारुतीच्या देवळापर्यंत जायचं, यायचं आणि परत एकदा जायचं. साधारण एवढं."

तिने खिडकीतून देवळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी दिस उगवायच्या टायमाला घर सोडलं. म्हातारी आसली तरी रांगत न्हाई आले. आन् आत्ता तुमची धाची घंटा झाली. ह्ये नऊशे मीटर कुटल्या मुडद्यानं मोजलं?"

पोरं हसली. मी डस्टर आपटलं तशी गप्प झाली. मलाही राग आला होता, आणि माझा राग म्हणजे गवताची गंजी, काडी लागायचा अवकाश. टेकवाडीची वाट मला माहीत होती. म्हणजे ऐकून माहीत होती. कड्याला वळसा घालून, ओढा ओलांडून, खिंडीतून वर. पावसाळ्यात त्या ओढ्याला बैल टिकत नाही. तिथून सहा-सात वर्षांची पोरं रोज खाली उतरणार आणि संध्याकाळी वर चढणार?

"मावशी, हा अडाणीपणा आहे नुसता," मी म्हणालो. सगळ्या वर्गासमोर म्हणालो. "कचेरीत खुर्चीवर बसून आकडे काढतात लेकाचे. ज्याने हा आकडा काढला ना, त्याला एकदा कान धरून तुमच्या वाडीवर चढवला पाहिजे. मी येतो तुमच्याबरोबर तालुक्याला. बघतोच कोण आहे तो."

"येता न्हवं?"

"शब्द दिला."

ती पायरीवर टेकली, पाणी प्यायली आणि लगेच परतीला लागली. पोरांनी माझ्याकडे मोठ्या कौतुकाने पाहिलं. मीही स्वतःकडे जरा तसंच पाहिलं असणार.

त्या वेळी मी पस्तिशीतला होतो. भूगोलात एम. ए., तालुक्यात नकाशे काढण्यात माझा हात कुणी धरत नसे, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात भिंतभर लावलेला शाळांचा नकाशा माझ्या हातचा होता. जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेत माझं नाव जाणार अशी कुणकुणही होती.

गुरुवारी आम्ही तालुक्याला गेलो. विस्तार अधिकारी खरमाटे साहेब. बोलायला मऊ, कपाळाला आठी कधी नाही. त्यांनी ठकूबाईला खुर्ची दिली, तिने ती घेतली नाही.

"आजी, नियम आहे," साहेब म्हणाले. "एक किलोमीटरच्या आत शाळा असेल तर सात मुलांसाठी वेगळी शाळा चालवता येत नाही. आणि अंतर तर नऊशेच आहे."

"मग चाला की माज्यासंगं. नऊशेच हाय न्हवं?"

"मला कशाला चालायला हवं? नकाशा आहे ना." त्यांनी टेबलाच्या काचेवर नकाशा पसरला. मोठा, सरकारी, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर अशा प्रमाणाचा. "हे पाचडोह. ही तुमची टेकवाडी. मोजा पट्टीने."

पाचडोहच्या ठिपक्यापासून टेकवाडीच्या ठिपक्यापर्यंत पेन्सिलीची एक सरळ रेघ ओढलेली होती. ठकूबाई खाली वाकली. तिला अक्षर येत नव्हतं, पण डोळा घारीचा होता.

"ही मोटी रेघ म्हंजी वाट?"

"हो. अंतर."

"आन् तिच्या आडव्या ह्या बारीक बारीक रेघा कसल्या? भाकरीला भेगा पडल्यावानी?"

साहेब माझ्याकडे वळले. "सांगा हो गुरुजी, तुमचा विषय आहे."

"त्या उंचीच्या रेघा, मावशी," मी म्हणालो. "एक रेघ म्हणजे वीस मीटर चढ. त्या जितक्या जवळ जवळ, तितका कडा उभा."

"किती हायत मोजा."

मी मोजल्या. एक सेंटिमीटर आठ मिलिमीटरच्या त्या पेन्सिलीच्या रेघेखाली सतरा. सतरा रेघा एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. दरवर्षी सातवीच्या पोरांना मी घोकून घेत असे की रेषा जवळ तर उतार तीव्र. ज्याने ही रेघ मारली त्याने सतरा वेळा तो धडा पायाखाली तुडवला होता. माझं टाळकं सणकलं.

"साहेब, ही रेघ कड्यावरून सरळ खाली उडी मारते! पक्षी आहेत का ती पोरं? कुणी काढलं हे? मला नाव सांगा त्याचं!"

खरमाटे साहेबांनी नकाशाची घडी जरा उलगडली आणि खालच्या कोपऱ्याला टाचलेला तक्ता माझ्यापुढे केला. बारा वाड्यांची नावं एकाखाली एक लिहिलेली होती आणि पुढे बारा अंतरं. टेकवाडी ते पाचडोह, ९०० मी. खाली सही.

"अक्षर मात्र देखणं आहे हो," साहेब म्हणाले.

अक्षर माझं होतं. सहीही माझी होती.

तेव्हा सगळं आठवलं. सहा-सात महिन्यांपूर्वी असाच इथे आलो होतो. कारकुनाने विचारलं होतं, गुरुजी, एवढा तक्ता भरून देता का, वरून मागणी आहे. मी बाकावर बसल्या बसल्या, चहा संपायच्या आत, पट्टी लावून बारा अंतरं काढली होती. सगळी हवाई. कारकून म्हणाला होता, भूगोलवाला असावा तर असा. रकान्याचं नाव नुसतं "अंतर" होतं. कसलं अंतर, कुणाच्या पायांचं, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पाचडोहच्या शाळेत मला चौथं वर्ष लागलं होतं आणि मी एकदाही टेकवाडीवर चढलो नव्हतो. वर कशाला जायचं? खिडकीतून दिसत होतीच की.

ठकूबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय झालं, गुर्जी? कोन हाय त्यो?"

मी त्या कोपऱ्याची घडी पुन्हा घातली. आज या गोष्टीला बावीस वर्षं होत आली, पण त्या क्षणी मिटलेलं माझं तोंड आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

साहेबांनीच वाचवलं, म्हणजे अडकवलं. "असं करू. गुरुजी, तुम्हीच प्रत्यक्ष वाट मोजून अहवाल द्या. मात्र जुना आकडा चुकला असं निघालं, तर तो कुणी आणि कसा दिला हेही लेखी द्यावं लागेल. बघा बुवा."

ठकूबाईला त्यातलं एवढंच समजलं की वाट मोजली जाणार. "रविवारी या," ती मला म्हणाली. "फीत माज्या हाती द्या. दुसरं टोक मी धरती."

ठकूबाई आदल्या संध्याकाळीच उतरून मारुतीच्या देवळात झोपली होती; रविवारी सकाळी सातला शाळेच्या पायरीपासून आम्ही सुरुवात केली. तीस मीटरची टेप. ठकूबाई पुढे जायची, टोक जमिनीला टेकवायची, "हां" म्हणायची. मी मागून जाऊन पोचलो की ती पुन्हा पुढे. दहा टेपा झाल्या की वाटेतला एक खडा उचलून ओच्यात टाकायची.

ओढा ओलांडला आणि चढ लागला. तिथे वाटेच्या कडेला छातीएवढ्या उंचीचा एक दगड रोवलेला होता, माथा सपाट.

"ह्यो पयला इसावा," ठकूबाई म्हणाली. "डोईवरचं वझं दुसऱ्याच्या हाताबिगर हितं उतरता येतं आन् परत घेता बी येतं. आमच्या वाडवडलांनी रोवल्यात. हितनं वर अकरा हायत. आमी कुनाला वाट सांगायची झाली तर इसाव्यात सांगतो. बाजाराचं वझं घेऊन आलं तर अकरा. मोकळं आलं तर सात बी पुरतात. पोर कडेला आसलं तर धोंडा दिसंल तितं थांबायचं."

म्हणजे एकाच वाटेची तीन अंतरं होती, आणि बाई तिन्ही तोंडपाठ सांगत होती. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी अंतर या एका कल्पनेवर अठरा पानांचं उत्तर लिहून पहिला आलो होतो. प्रत्यक्ष अंतर, वेळेतलं अंतर, कष्टातलं अंतर, सगळं होतं त्यात. चौथ्या विसाव्यालाच मला धाप लागली आणि त्या अठरा पानांची लाज वाटायला लागली.

"बसा घटकाभर," ती म्हणाली. "मास्तर मानूस. सुकुमार."

वर पोचायला साडेअकरा झाले. सुंदरा वाट बघत होती. केसांना तेल, अंगात शाळेचा झगा, रविवार असूनसुद्धा. तिला वाटलं होतं की मी शाळा परत घेऊन आलोय. टेप बघून म्हणाली, "मला मोजा." मोजली. एक मीटर एकवीस. मग माझ्या पिशवीतला नकाशा बघायला मागितला.

"आमची शाळा कुटं हाय ह्यात?"

शाळा नव्हती त्यात. वाडीच्या नावाचा ठिपका दाखवला. "आन् तुमची?" मी पाचडोहचा ठिपका दाखवला. तिने एकावर बोट ठेवलं आणि दुसऱ्याकडे आडवं टेकवलं.

"एवडंच?" ती हसली. "ह्ये तर माज्या बोटात मावतंय. मग आजी एवडी का दमती?"

मला तिला प्रमाण समजावता आलं असतं. वर्गात पाच मिनिटांत समजावतो. तिथे मी नकाशा पिशवीत घातला.

ठकूबाईने मला कड्याच्या टोकाशी नेलं. खाली पाचडोह, ओढ्याची चंदेरी कड, मारुतीचं देऊळ, आणि थेट पायाखाली असावी तशी माझी शाळा. माझ्या वर्गाची खिडकीसुद्धा ओळखू आली.

"तुमची घंटा हितवर येती," ती म्हणाली. "वरच्या शाळंत घड्याळ न्हवतं. तुमची घंटा झाली की आमची पोरं पाटी घेऊन पळायची. आवाजाला नऊशेच मीटर हाय बगा. नुसतं पायांचं वंगाळ हाय."

मग ओचा सोडून तिने खडे मोजले. एकवीस, आणि वर चार टेपा. दोनशे चौदा गुणिले तीस. सहा हजार चारशे वीस मीटर.

"लिवा," ती म्हणाली. मी लिहिलं. "आता एक सांगा. त्यो आकडा काडनारा. तुमी म्हनला हुतासा, त्याला कान धरून वर आनतो. कवा आनताय?"

"आणलाय, मावशी."

तिने मागे वळून वाटेकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं. तिला समजायला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात मला कड्यावरून उडी मारावीशी वाटली. खरंच वाटली, उगाच सांगत नाही.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने दिल्या नाहीत. "चार वर्सं," ती म्हणाली. आवाज खाली, पण काठी माझ्या खिडकीकडे रोखलेली. "चार वर्सं तुमी त्या खिडकीत हाय. आमचा धूर बगताय. येकदा वाटलं न्हाई, जाऊन यावं? येकदा? आन् त्या दिशी पोरांफुडं केवडं मोटं त्वांड केलंसा! त्या हाफिसात माज्या शेजारी हुबं ऱ्हाऊन मुकं झालासा!"

"चुकलं, मावशी."

"मला काय सांगताय? खाली जाऊन लिवा. ज्याचं नाव हाय त्याचंच लिवा. उटा, फीत गुंडाळा."

सुंदरा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिने टेप गुंडाळायला घेतली, पण ठकूबाईने ती तिच्या हातातून काढून माझ्यापुढे टाकली.

सोमवारी मी अहवाल घेऊन खरमाटे साहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी दोनदा वाचला.

"गुरुजी, एवढं अंगावर कशाला घेता? आकडा राहू द्या. शेऱ्यात लिहा, वाट किंचित अवघड. दोघांचंही भागेल. जिल्ह्याला तुमचं नाव पाठवायचंय मला."

"किंचित?" मी ओरडलो. बाहेरचे कारकून आत डोकावले. "साहेब, त्या वाटेवर अकरा विसावे आहेत. तुम्ही तिसऱ्यालाच आडवे व्हाल. नऊशे हा आकडा माझा आहे, मी बसल्या जागी काढलाय, तो खोटा आहे, आणि हे मी सही करून देतोय. आता ती शाळा उघडा!"

"उघडू की. वर पाठवतो. मंजुरी येईल." त्यांच्या कपाळाला तेव्हाही आठी पडली नाही. माणूस चिडला तर त्याच्याशी भांडता तरी येतं.

पुढे व्हायचं ते झालं. मला लेखी ताकीद मिळाली, जिल्ह्याला दुसऱ्याचंच नाव गेलं, कार्यालयाच्या भिंतीवरचा माझा नकाशा उतरला. त्याचं मला काही वाटलं नाही, असं म्हणालो तर ते खोटं होईल. रात्र रात्र चरफडलो. खरमाटेवर, त्या कारकुनावर, त्या रकान्यावर. दुसऱ्यावर रागावणं सोपं असतं. ते संपलं की उरलेला राग घरी आणावा लागतो, तो कुठे ठेवायचा ते अजून कळलेलं नाही.

टेकवाडीची सात पोरं जूनमध्ये आठ दिवस खाली आली. सुंदरा माझ्या वर्गाच्या खिडकीखाली ओले पाय पुसत उभी राहायची. नवव्या दिवशी ओढ्याला पाणी आलं आणि तिचं दप्तर वाहून गेलं. पोरगी वाचली. दहाव्या दिवसापासून वरून कुणी आलं नाही. मी दर महिन्याला कार्यालयात पत्र टाकत होतो. दर महिन्याला उत्तर एकच, मंजुरी वर आहे.

मंजुरी आली ती चौदा महिन्यांनी. टेकवाडीची शाळा पूर्ववत सुरू करण्यात येत आहे. अंतर, ६४२० मीटर. आदेश हातात पडला त्याच दिवशी मी पोस्टाची वाट न बघता तो घेऊन वर निघालो. अकरापैकी सात विसाव्यांना थांबलो. या वेळी निदान तोंड दाखवायला जागा होती, असं मनात होतं.

ठकूबाई अंगणात शेणी थापत होती. मी उभ्या उभ्या आदेश वाचून दाखवला. तिने हात धुतले, पाणी आणून दिलं, कागद घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

"आता बराबर लिवलंय?"

"बरोबर लिहिलंय. सुंदरा कुठाय? उद्यापासून शाळा. तिला चौथीत घेऊ, मागचं मी भरून काढीन, दर रविवारी वर येऊन शिकवीन."

ती गोठ्याच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "सुंदरा कराडला हाय. दिवाळीपास्नं. बापानं ठेवली येका घरी, लेकरू सांबाळाया. पोरगी रिकामी बसून काय करनार, म्हनला. मी भांडले, पर माज्यापाशी बोलाया काय हुतं? शाळा न्हवती."

तिची नजर भिंतीवरून माझ्यावर आली.

"तुमचा नकाशा आनलाय का?"

"पिशवीत आहे."

"मग बगा त्यात, आन् सांगा. कराड हितनं किती लांब हाय?"

मी नकाशा काढला नाही. आकडा मला तोंडपाठ होता. एसटीचाही आणि हवाईसुद्धा.

"मावशी, उद्या सकाळी जाऊ आपण," मी म्हणालो. "पहिल्या गाडीने. मी येतो बरोबर, बापाशी बोलतो, त्या घरच्यांशी बोलतो. शाळा उघडल्याचा कागद आहे आता."

"उद्या?" तिने आदेशाची घडी केली, कनवटीला खोचली आणि दाराआडची काठी घेतली. "चौदा म्हयने तुमचं उद्याच चाललंय. चला."

दुपारचा एक वाजला होता. शेणी अर्ध्या थापायच्या राहिल्या होत्या आणि घराचं दार तिने नुसतं लोटून घेतलं. ती पुढे, मी मागे. उतरताना ती एकाही विसाव्याला थांबली नाही, आणि मलाही थांबू दिलं नाही.